पोटातले बाळ आणि परराज्यातला नवरा

अमेरिकेत घटस्फोटाचा देशव्यापी कायदा नाही. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पितृत्व हे सगळे विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. नवरा-बायको एकाच गावात राहत असतील तर हा फरक जाणवतही नाही. पण दोघे वेगळे झाले, एक जण टेक्सासात आणि दुसरा ओहायोत राहू लागला, घटस्फोट होण्याआधीच बायकोने नव्या जोडीदाराबरोबर संसार मांडला आणि तिला दिवस गेले, की तीन प्रश्न एकदम उभे राहतात. लग्न मोडण्याचा अधिकार कोणत्या राज्याच्या कोर्टाला? दूर राहणाऱ्या नवऱ्यावर त्या कोर्टाचे किती चालते? आणि जन्माला येणाऱ्या बाळाचा बाप कायद्याने कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालांनी बरीच पक्की केली आहेत. माणसे अडकतात ती तिसऱ्यात. घटस्फोट मिळाला की बाळाचा प्रश्नही त्यातच मिटला, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

दावा कोठे लावायचा

लग्न कोठे लागले याला महत्त्व नाही. पुण्यात लागलेले लग्न ह्यूस्टनचे कोर्ट मोडू शकते. महत्त्व असते ते दोघांपैकी एकाच्या वास्तव्याला. टेक्सासात अर्ज करण्यासाठी दोघांपैकी एकाचे त्या राज्यात ६ महिने आणि त्या कौंटीत ९० दिवस वास्तव्य लागते. कॅलिफोर्नियात ६ महिने राज्यात आणि ३ महिने कौंटीत. इलिनॉयमध्ये ९० दिवस पुरतात, नेवाडात ६ आठवडे. वॉशिंग्टन राज्यात मुदतीची अटच नाही. अर्ज करताना तेथे खरोखर राहत असले की झाले. आयोवाने वर्षभराची अट घातली होती. ती घटनेत बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ‘सोस्ना विरुद्ध आयोवा’ या खटल्यात ठरवले.

नेवाडाच्या ६ आठवड्यांना इतिहास आहे. १९३१ साली त्या राज्याने मुदत इतकी खाली आणली आणि देशभरातून लोक रीनो व लास व्हेगासला येऊन राहू लागले. १९४० साली नॉर्थ कॅरोलायनातील एक विवाहित पुरुष आणि एक विवाहित स्त्री लास व्हेगासला गेली. ‘अलामो ऑटो कोर्ट’ नावाच्या मोटेलमध्ये मुदत भरेपर्यंत दोघांनी मुक्काम केला, आपापल्या जोडीदारापासून घटस्फोट घेतला, एकमेकांशी लग्न केले आणि दोघे गावी परतली. नॉर्थ कॅरोलायनाने त्यांच्यावर द्विभार्यात्वाचा खटला भरला. ‘विल्यम्स विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना’ हा खटला दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४२ साली न्यायालय म्हणाले, की एका राज्याने तेथील खऱ्या रहिवाशाला दिलेला घटस्फोट दुसऱ्या राज्याने मानलाच पाहिजे, जोडीदार दूर असला तरी. १९४५ साली त्याच न्यायालयाने पुढचा भाग सांगितला: ते वास्तव्य खरे होते की देखाव्यापुरते, हे तपासण्याचा हक्क दुसऱ्या राज्याला आहे. दोघांची शिक्षा कायम राहिली.

दोन्ही निकालांचा अर्थ आजही तोच आहे. गरोदर स्त्रीने घाईपोटी सोप्या राज्यात खोटा पत्ता दाखवून मिळवलेला घटस्फोट पुढे उकरून काढला जाऊ शकतो, आणि तो पडला तर नवे लग्नही पडते. जेथे घर आहे, नोकरी आहे, वाहन परवाना आणि मतदार नोंदणी आहे, तेथेच दावा लावणे हिताचे. मुदत भरली नसेल तर दुसरा सरळ मार्ग उरतो: नवरा ज्या राज्यात राहतो तेथे अर्ज करणे. त्याचे वास्तव्य पुरेसे असेल तर बहुतेक ठिकाणी ते चालते.

नवरा दूर असताना

अर्जाची नोटीस नवऱ्याला मिळाली पाहिजे, हा नियम कोठेही टळत नाही. तो ज्या गावी राहतो तेथील शेरीफ किंवा समन्स बजावणारा खाजगी माणूस कागद त्याच्या हातात देतो आणि तसे प्रतिज्ञापत्र कोर्टात येते. नवरा तयार असेल तर तो नोटरीसमोर सही करून समन्सचा हक्क सोडून देतो आणि काम कमी खर्चात होते. पत्ताच लागत नसेल तर आधी शोधाशोध केल्याचा पुरावा कोर्टाला द्यावा लागतो. मग वर्तमानपत्रातून किंवा कोर्टाने सांगितलेल्या अन्य मार्गाने नोटीस दिली जाते. उत्तर आले नाही तर एकतर्फी निकाल होतो. त्याआधी नवरा सैन्याच्या सक्रिय सेवेत नाही असे शपथेवर सांगावे लागते. तो सेवेत असेल, तर हजर राहणे शक्य नसल्याचे कळवून तो निदान ९० दिवसांची तहकुबी मागू शकतो. हा मात्र केंद्राचा कायदा आहे आणि सगळ्या राज्यांना लागू आहे.

एकतर्फी निकालाची ताकद मर्यादित असते. लग्न मोडण्यासाठी एकाचे वास्तव्य पुरते, पण नवऱ्याकडून पैसे घेण्यासाठी किंवा त्याची मालमत्ता वाटण्यासाठी कोर्टाची सत्ता त्याच्यावर चालली पाहिजे. तो त्या राज्यात कधी राहिलाच नसेल आणि हजरही झाला नसेल, तर ती चालत नाही. १९४८ सालच्या ‘एस्टिन विरुद्ध एस्टिन’ खटल्यात नवऱ्याने नेवाडातून घटस्फोट मिळवला होता. बायकोला न्यूयॉर्कच्या कोर्टाने आधीच पोटगी मंजूर केली होती. घटस्फोट वैध, पण पोटगी चालूच राहणार, असा निकाल लागला. म्हणजे एकाच लग्नाचे दोन भाग वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे निकालात निघू शकतात. १९७८ साली ‘कुल्को’ खटल्यात हेच तत्त्व मुलांच्या खर्चाला लागले. न्यूयॉर्कच्या बापाने मुलीला आईकडे कॅलिफोर्नियाला पाठवले, एवढ्यावरून त्याला कॅलिफोर्नियाच्या कोर्टात खेचता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

गरोदरपण आणि निकालाची तारीख

बहुतेक राज्यांच्या अर्जात पत्नी गरोदर आहे का, हा प्रश्न असतो. तेथे खरे उत्तर द्यावे. टेक्सासात गरोदरपणी घटस्फोट नाकारावा असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही, पण तेथील न्यायाधीश सहसा बाळ जन्मेपर्यंत अंतिम हुकूम काढत नाहीत. अर्ज दाखल होतो, ६० दिवसांची सक्तीची मुदत सरते, तात्पुरते आदेश मिळतात. निकाल मात्र प्रसूतीनंतर. मिसूरीतही हीच वहिवाट होती. अर्जात गरोदरपणाची माहिती देणे तेथे बंधनकारक आहे आणि तेवढ्यावरून निकाल लांबवले जात. केवळ गरोदरपणामुळे घटस्फोट अडवता येऊ नये, यासाठी तेथे कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले. कॅलिफोर्नियात गरोदरपण आड येत नाही, पण समन्स बजावल्यापासून ६ महिने झाल्याशिवाय लग्न संपत नाही. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अर्ज करणाऱ्या स्त्रीचे बाळ बहुधा लग्न कायम असतानाच जन्मते.

या विषयावर सर्वांत जास्त चर्चा झाली ती वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन कौंटीच्या एका प्रकरणाची. मारहाणीबद्दल शिक्षा झालेल्या नवऱ्यापासून एका स्त्रीने २००४ साली घटस्फोट मागितला. नवऱ्याने विरोध केला नाही आणि घटस्फोट मंजूर झाला. ती दुसऱ्या पुरुषापासून गरोदर असल्याचे नंतर कोर्टाच्या लक्षात आले, तेव्हा न्यायाधीशांनी तो रद्द केला. बाळाचा बाप ठरायचा आहे, सरकारी मदत घेणाऱ्या आईच्या मुलाचा खर्च कोणाकडून वसूल करायचा हे ठरायचे आहे, तोवर लग्न मोडता येणार नाही, अशी भूमिका होती. मारणाऱ्या नवऱ्याशी त्या स्त्रीला आणखी काही महिने कायद्याने बांधून ठेवणारा हा निर्णय देशभर गाजला. पुढच्याच वर्षी, २००५ साली, राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात वाक्य घातले: केवळ गरोदरपणाच्या कारणावरून कोर्ट घटस्फोट नाकारू किंवा लांबवू शकत नाही. बाळाच्या हिताची काळजी रास्त आहे. पण त्यासाठी आईला नको असलेल्या लग्नात अडकवून ठेवण्याची गरज नसते. पितृत्वाचा निकाल स्वतंत्रपणे, बाळ जन्मल्यावर लावता येतो. वॉशिंग्टनने तेच केले आणि ते योग्य होते.

बाप कोण

लग्नात जन्मलेले मूल नवऱ्याचे, हे गृहीत अमेरिकेने इंग्लंडकडून घेतले. १७७७ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तर मूल लग्नसंबंधातले नाही असे सांगायला नवरा-बायकोला साक्षीच्या पिंजऱ्यातही उभे राहू द्यायचे नाही, असा नियम घालून दिला. अनौरस ठरलेल्या मुलाला त्या काळी ना वारसा ना आधार, म्हणून कायद्याने हे कवच केले होते. आजचा नियम पुष्कळ राज्यांत असा आहे: मूल लग्न चालू असताना, किंवा लग्न संपल्यापासून ३०० दिवसांच्या आत जन्मले, तर नवरा हाच बाप धरला जातो. तो हजार मैलांवर राहतो, दोन वर्षांत भेट नाही, हे सगळ्यांना ठाऊक असले तरी गृहीत आपसूक लागू होते. ते खोडून काढावे लागते.

३०० दिवस म्हणजे जवळपास दहा महिने. दिवस गेल्याचे कळल्यावर घटस्फोट झाला तर बाळ या मुदतीतच जन्मणार, हे उघड आहे. म्हणून प्रसूतीआधी घाईने हुकूम मिळवून हा प्रश्न टळत नाही. आईने बाळंतपणाआधी नव्या जोडीदाराशी लग्न केले तरी पहिल्या नवऱ्याबद्दलचे गृहीत पुसले जात नाही. एकाच मुलाला दोन गृहीत बाप होऊ शकतात आणि मग कोर्टाला निवड करावी लागते.

प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णालयातील जन्मनोंदणीची कारकून आईच्या खाटेपाशी फॉर्म घेऊन येते. देशभर नमुना म्हणून वापरल्या जाणाऱ्या जन्मनोंदीत प्रश्न आहे: आई विवाहित होती का, म्हणजे प्रसूतीच्या वेळी, गर्भधारणेच्या वेळी किंवा त्या दरम्यान केव्हाही? त्याखाली लगेच: नसल्यास, पितृत्व मान्य केल्याचा कागद रुग्णालयात सही झाला आहे का? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आले, की नव्या जोडीदाराचे नाव तेथल्या तेथे लिहिता येत नाही. तो बाळाला कडेवर घेऊन शेजारी उभा असला तरी नाही. बापाची जागा कोरी राहते किंवा नवऱ्याचे नाव पडते. नवऱ्याचे नाव पडले तर पुढे साध्या कामांतही अडचणी येतात. १६ वर्षांखालील मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला जन्मदाखल्यावरील दोन्ही पालकांची संमती लागते. ती मग त्या परराज्यातल्या माणसाकडे मागावी लागते.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. नवरा सहकार्य करणार असेल तर तीन सह्यांचा मार्ग: आई आणि खरा बाप पितृत्व मान्य करणाऱ्या कागदावर सही करतात आणि नवरा पितृत्व नाकारणाऱ्या कागदावर. बऱ्याच राज्यांत ही सोय आहे. टेक्सासात दोन्ही कागद बाळ जन्मण्याआधीही सही करून ठेवता येतात, आणि नवऱ्याची सही टपालाने किंवा त्याच्या गावी होऊ शकते; तिघांनी एका खोलीत बसावे लागत नाही. नवऱ्याचा नकार एकटा असेल तर त्याला किंमत नाही. जोडीला दुसऱ्या बापाचा होकार हवा, कारण मुलाला बाप नसण्याची सोय कायदा करू इच्छित नाही. सही मागे घेण्याची मुदत ६० दिवस असते. त्यानंतर फसवणूक, दबाव किंवा वस्तुस्थितीची मोठी चूक सिद्ध केल्याशिवाय ती फिरवता येत नाही.

नवरा सही देणार नसेल किंवा सापडत नसेल तर दुसरा मार्ग कोर्टाचा. घटस्फोटाच्या दाव्यातच खऱ्या बापाला पक्षकार करून घ्यावे, किंवा पितृत्वाचा वेगळा अर्ज लावावा. कोर्ट डीएनए चाचणीचा हुकूम देते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला जातो आणि ओळख पटवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ९९ टक्के किंवा त्याहून अधिक संभाव्यता आली, की जैविक पितृत्व सिद्ध मानतात. आईच्या रक्तातून गरोदरपणीच होणारी चाचणी आता मिळते, पण कोर्टे सहसा जन्मानंतरचा नमुनाच मागतात. मुदत पाळणे सर्वांत महत्त्वाचे. नवऱ्याचे पितृत्व खोडून काढण्यासाठी टेक्सासात सर्वसाधारणपणे बाळाचा चौथा वाढदिवस ही सीमा आहे, कॅलिफोर्नियात दुसरा. त्यानंतर अहवाल काहीही सांगो, नवरा हाच कायम बाप राहू शकतो आणि मुलाचा खर्चही त्याच्याच माथी येऊ शकतो.

हे पोकळ भय नाही. १९८९ साली ‘मायकेल एच. विरुद्ध जेराल्ड डी.’ खटल्यात कॅलिफोर्नियातील एका पुरुषाची रक्तचाचणी ९८.०७ टक्के संभाव्यतेने त्याला मुलीचा बाप ठरवत होती. त्याने मुलीला आपली म्हणून काही काळ वाढवलेही होते. पण आई नवऱ्याकडे परतली होती, आणि तेव्हाच्या कायद्यानुसार नवऱ्याचे पितृत्व जवळजवळ अबाधित होते. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा घटनाबाह्य नाही असे ठरवले. खऱ्या बापाला मुलीवर हक्क मिळाला नाही. नंतर राज्यांनी नियम सैल केले, तरी रक्ताचे नाते आपोआप जिंकत नाही हे तत्त्व शिल्लक आहे.

घटस्फोटाच्या हुकुमाचा मसुदा म्हणूनच नीट वाचावा लागतो. ‘या लग्नातून मूल नाही’ एवढे वाक्य पुरत नाही; अमुक तारखेच्या सुमारास जन्मणारे किंवा जन्मलेले मूल नवऱ्याचे नाही आणि अमुक व्यक्ती त्याचा बाप आहे, असा निष्कर्ष कोर्टाने लिहिलेला असावा. तो हुकूम हाती आला, की राज्याच्या जन्मनोंदणी कार्यालयाकडून दाखला दुरुस्त करून घेता येतो.

ताबा, पैसा, विमा

न जन्मलेल्या बाळाचा ताबा कोणतेच कोर्ट ठरवू शकत नाही. जवळपास सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या समान ताबा कायद्यानुसार मुलाचे ‘गृहराज्य’ म्हणजे जेथे ते सलग ६ महिने राहिले ते. सहा महिन्यांहून लहान असेल तर जन्मापासून जेथे राहिले ते. त्यामुळे बाळ कोठे जन्मते याला मोठे महत्त्व येते. कॅलिफोर्नियातून गरोदरपणी न्यूयॉर्कला शिकायला आलेल्या एका स्त्रीला खालच्या कोर्टाने, गर्भासकट राज्य सोडल्याबद्दल, दोष दिला होता. २०१३ साली न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने तो विचार फेटाळला: गरोदर स्त्रीला दुसऱ्या राज्यात जाण्याचा हक्क आहे.

दुसऱ्या पुरुषापासून मूल होणे हा घटस्फोटात आता सहसा दोषाचा मुद्दा होत नाही. कॅलिफोर्नियाने १९७० पासून दोषाशिवाय घटस्फोट सुरू केला आणि २०१० साली न्यूयॉर्कही त्यात आले. पैशाच्या बाबतीत मात्र फरक पडू शकतो. नॉर्थ कॅरोलायनात वेगळे होण्याआधीचे विवाहबाह्य संबंध सिद्ध झाले तर अवलंबून असलेल्या जोडीदाराची पोटगी जाऊ शकते, आणि नव्या जोडीदारावरही नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो.

नवऱ्याच्या नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा घटस्फोटाबरोबर संपतो, आणि बाळंतपण तोंडावर असताना ही गोष्ट निकालाच्या तारखेइतकीच महत्त्वाची. वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत ६० दिवसांत कळवले तर तोच विमा ३६ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून.

मराठी घरांपुढचे जादा प्रश्न

एच-४ व्हिसावर असलेल्या पत्नीचा अमेरिकेतील मुक्काम नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर आणि त्या लग्नावर उभा असतो. अंतिम हुकूम निघाला की तो आधार जातो. नवा जोडीदार एच-१बीवर असला तरी त्याच्या नावाने एच-४ मिळायला आधी त्याच्याशी लग्न व्हावे लागते, आणि टेक्सासात घटस्फोटानंतर ३० दिवस, विस्कॉन्सिनमध्ये ६ महिने दुसरे लग्न करता येत नाही. टेक्सासात कोर्ट सबळ कारणाने ही अट माफ करू शकते. स्वतःचा वेगळा व्हिसा, मग तो विद्यार्थी असो वा नोकरीचा, हुकुमाच्या आधी मागितलेला बरा.

भारतात लग्न झालेल्यांनी आणखी एक निकाल ध्यानात ठेवावा. १९७५ साली तिरुपतीला लग्न झालेल्या एका नवऱ्याने अमेरिकेत, मिसूरीतील कोर्टात, ९० दिवसांच्या वास्तव्याचा दावा करून, लग्न पूर्ण मोडल्याच्या कारणावरून एकतर्फी घटस्फोट घेतला आणि दुसरे लग्न केले. तो खरे तर लुइझियानात राहत होता. ‘वाय. नरसिंह राव’ खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तो घटस्फोट मानला नाही. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर आणि दुसऱ्या बाजूने कोर्टाची सत्ता स्वीकारलेली नसताना दिलेला परदेशी हुकूम भारतात चालत नाही. दोघांनी अमेरिकेतील कोर्टात हजर राहून संमती दिली असेल तर स्थिती बरीच सुरक्षित होते. नवरा राजी असेल तर भारतातील कुटुंब न्यायालयात परस्पर संमतीचा अर्जही करता येतो. तेथील सहा महिन्यांची थांबण्याची मुदत न्यायालय माफ करू शकते, हे २०१७ पासून मान्य आहे. भारताच्या दृष्टीने पहिले लग्न टिकून राहिले तर दुसरे लग्न निरर्थक ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हाही होऊ शकतो.

पितृत्वाचा भारतीय नियम अमेरिकेहून कडक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ११६ सांगते, की लग्न कायम असताना, किंवा ते संपल्यावर आई अविवाहित असेल तर २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल औरस असल्याचा तो निर्णायक पुरावा होय. त्याला एकच अपवाद: गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणे शक्यच नव्हते. डीएनए चाचणीचा हुकूम भारतीय न्यायालये सहजी देत नाहीत, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका पुन्हा बजावली. अशा वेळी परराज्यातले ते अंतरच उपयोगी पडते. दोघांचे वेगळे भाडेकरार, पगाराच्या पावत्या, विमानाची तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के हे कागद गर्भधारणेच्या महिन्यांपासून जपून ठेवले असतील, तर दोघे त्या काळात एकत्र आलीच नव्हती हे दाखवता येते.